ये रे माझ्या मागल्या

आपली माणसं गर्दीत धक्काबुक्की करतात, अशी तक्रार नेहमी कानावर येते. साफ खोटी. धक्का मारायला आधी चालावं लागतं. आपण थांबतो.

कुठे थांबतो? जिथे थांबू नये तिथे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. पुलाच्या तोंडाशी. लिफ्टच्या दारात. देवळाच्या उंबऱ्यावर. वाट अरुंद झाली रे झाली की आपल्याला विचार सुचू लागतात.

मागून येणाऱ्याला काय सुचतं, ते छापता येत नाही.

सार्वजनिक शिस्त म्हटलं की थुंकणं आणि कचरा यांवर प्रवचन सुरू होतं. ते राहू द्या. त्यासाठी दंड आहे, पाट्या आहेत, आणि थुंकायला पाट्या आहेतच. आजचा विषय त्याहून साधा. तुम्ही जिथे कुठे असता, तिथे तुमच्या मागे एक माणूस असतो. तो असतो, हे तुमच्या गावी असतं का?

नसतं.

संध्याकाळचं दादर घ्या. गाडी पुरती थांबायच्या आत बाहेरचे आत झेपावतात आणि आतले बाहेर. दार एकच, घाई दोघांना. आधी उतरणाऱ्यांना उतरू दिलं तर आत जागा होते, हे गणित दुसरीतल्या पोरालाही येतं. पण दुसरीतलं पोर ऑफिसला जात नाही ना.

प्लॅटफॉर्मवरचा माणूस ओरडतो, "अहो, आत सरका, मधे जागा आहे!" कसाबसा तो आत घुसतो. पुढचं स्टेशन येतं. तोच माणूस, तोच घसा. "जागा नाहीये, मागची पकडा!" एका पावलात मत पालटतं. इतक्या झटपट तर आमदारही बाजू बदलत नाहीत.

बरं, बदलतात.

दारात उभ्या असलेल्या वीराला विचारा, "उतरणार का?" नाही, त्याला कल्याणला जायचंय. गाडी अजून भायखळ्याला आहे. "मग आत व्हा ना." "आत जागा कुठाय?" आत जागा असते. दोन सीटांच्या मधे आळस देता येईल एवढी असते. आत फक्त वारा नसतो. तेव्हा वारा त्याने खायचा आणि बाकीच्यांनी धक्के.

बोरिवलीकराने विरार फास्टमध्ये चढू नये, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तरी शहाणा बोरिवलीकर चढत नाही. लिहिलेले नियम मोडायचे आणि न लिहिलेल्यांना भ्यायचं. आपली खरी घटना ही.

रेल्वेच्या भाषेत या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसं. म्हणजे कॅरमबोर्डाहून जराशी मोठी जागा आणि तिच्यात पंधराजण. त्या पंधराव्याच्या पाठीवर बॅग असते. बॅगेत लॅपटॉप, डबा, छत्री, पाण्याची बाटली.

तो सोळावा.

हल्ली मात्र पुष्कळजण बॅग पोटावर घेतात. सुधारलो म्हणायचं? छे! पाकीटमारांची कृपा. वीस मार्कांच्या नागरिकशास्त्राला जे जमलं नाही, ते त्यांनी करून दाखवलं. मागे माणूस आहे, हे आपल्याला कळतं. फक्त तो चोर असला पाहिजे.

२५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर एसी लोकल आली. दारं आपोआप बंद होणार, म्हणजे दारातले वीर संपले, असं भोळ्याभाबड्यांना वाटलं. वीर संपत नसतात. आता दारात त्यांचा एक पाय असतो. दार मिटेना, गाडी हलेना. पायाचा मालक म्हणतो, "मलाही घरी जायचंय!" आतले शेकडो लोक हवापालटाला आलेत.

कुणी धीर करून बोललंच, "अहो, जरा सरका," तर उत्तर तयार असतं. "एवढा त्रास होतो तर फर्स्ट क्लासने जा ना." फर्स्ट क्लासमध्ये बोललं तर, "टॅक्सीने जा ना." टॅक्सीवाला म्हणतो, "साहेब, ट्रॅफिक लई आहे. लोकलने जा."

बायकांच्या डब्यात जरा बरं असेल, असं वाटतं? काही बाबतींत आहेही. "कुठे उतरणार?" "घाटकोपर." "कुणाला सांगितलीय?" "नाही." "मग मला द्या हं." झालं. सीटचा वारस ठरला. मागून दुसरी विचारायला आली तर 'सांगितलीय' एवढं ऐकून निमूट पुढच्या बाकाकडे वळते. सही नाही, शिक्का नाही, वकील नाही. सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात त्या राज्यात हा तोंडी करार सहसा मोडत नाही.

म्हणजे शिस्त आपल्याला येते. सीट मिळणार असेल तर.

कारण घाटकोपरला उठलेल्या त्या बाईला दारापर्यंत वाट द्यायची, हे करारात नसतं. सीट सोडली, संबंध संपला.

आता आवाजाकडे वळू. वळू कशाला, तोच आपल्याकडे येतो. शेजारचा रील बघत असतो. कुणाचं तरी कुत्रं, कुणाचे तरी महाराज, कुणाची तरी झटपट बिर्याणी. सगळं अर्धंमुर्धं आणि सगळं आपल्याला ऐकू येईल असं. पूर्वी शेजाऱ्याचा रेडिओ सोसावा लागायचा. निदान गाणं तरी पुरं व्हायचं.

फोन तोंडासमोर आडवा धरून स्पीकरवर बोलणारे वेगळेच. पलीकडून मावशी जावेच्या सुनेचं प्रकरण सांगत असतात. सांगून झालं की बजावतात, "कुणाला बोलू नकोस हं." अख्खा डबा मान डोलावतो.

२०२३ मध्ये बेस्टने बसमध्ये हेडफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला मनाई केली. उत्तम नियम. त्याची बातमी कित्येकांनी बसमध्येच, फुल आवाजात पाहिली असणार.

भजनी मंडळांबद्दल बोलावं का? बोलू. सकाळच्या फास्टमध्ये टाळ घुमतात, सूर लागतात, भाव दाटतो. रात्रपाळी करून घरी निघालेला कुणीतरी कोपऱ्यात डोळे मिटायला बघतो. देव चराचरांत आहे म्हणतात. त्या कोपऱ्यात तेवढा नसावा.

सरकता जिना हा तर आपला खास प्रांत. खाली एक आजी पाऊल टाकायला घाबरतात. आजींचं समजू शकतं. या वयात जमीन पळायला लागली तर कुणीही बिचकेल. पण त्यांचा मुलगा? तो वर पोचलेला असतो, जिन्याच्या तोंडाशीच उभा असतो आणि मोबाइल रोखून म्हणतो, "आई, ये ना गं, हस जरा!" खाली आई, वर मुलगा. दोन्ही टोकं बंद.

मधले लोक आपले सरकतायत.

लंडनच्या भुयारी रेल्वेत पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांना सोडायची. २०१५ मध्ये तिथल्या होबर्न स्टेशनात प्रयोग झाला. दोन्ही बाजूंना उभे राहा, असं लोकांना सांगितलं. गर्दीच्या वेळी जास्त माणसं वर पोचली. तरी कित्येक लंडनकरांच्या ते पचनी पडेना. मागच्याची वाट अडवायची म्हणजे काय! आपल्याला प्रयोगाची गरजच नाही. आपण पहिल्यापासून दोन्ही बाजूंना उभे राहतो.

मधे पिशवी ठेवतो.

रांगेचं काय? रांग आपल्याला मान्य आहे. इतरांसाठी. बँकेत पासबुक भरायला दहाजण उभे असतात. एक गृहस्थ येतात आणि थेट खिडकी गाठतात. "फक्त एक विचारायचंय." विचारतात. उत्तर मिळतं. मग खिशातून फॉर्म निघतो. फॉर्म भरायला पेन लागतं. ते रांगेतल्या पहिल्याकडे मागतात. तो देतो.

पेनही जातं.

दुसरा प्रकार 'मी इथेच होतो'वाल्यांचा. "यांना विचारा, मी सांगून गेलो होतो." 'यांना' काहीच आठवत नसतं, पण भांडण नको म्हणून ते हो म्हणतात. मग त्यांच्या मागचे नऊजण 'यांच्याशी' भांडतात. भल्याची दुनिया राहिली नाही, ती अशी.

रेशनच्या रांगेत पहाटे नंबर लावून ठेवलेल्या चपला पाहिल्यात? एकामागोमाग एक, सरळ रेषेत, ना धक्का ना घुसखोरी. दुकान उघडेपर्यंत तश्शाच. रांगेत शिस्तीने उभ्या राहतात त्या चपला. माणसाने पायांत घातल्या की बिघडतात.

एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. खिडकीतून पहिला रुमाल कधी पडला, त्याची नोंद नाही. पण फार दिवस लागले नसावेत. दारातून म्हातारंकोतारं चढेपर्यंत सगळ्या सीटांवर रुमाल, टोप्या आणि पिशव्या बसलेल्या असतात. क्वचित खिडकीतून आत सोडलेलं पोरगं असतं. त्याला विचारलं की ते पाठ केल्यासारखं सांगतं, "इथं माणूस हाय."

त्याच गाडीत लोकप्रतिनिधींसाठी राखीव जागाही असते. तिच्यावरून भांडण झालेलं कुणी पाहिलंय? मालक येणार नाही, याची सगळ्यांनाच खात्री.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. योजनेचं नाव 'महिला सन्मान'. तेव्हापासून गाडीत टोमणाही ठरलेला, "अर्ध्या तिकिटात पुरी सीट पायजे!" टोमणा मारणारा पुरी सीट आणि शेजारची पाव, अशी गुडघे फाकून बसलेला असतो. सन्मान तिकिटावर आला. सीटवर यायचाय.

पुण्यात दुचाकी चालवणाऱ्यांना आरशाबद्दल विचारू नये. मागचं दिसावं म्हणून कंपनी दोन आरसे देते. एक काढून ठेवतात. दुसरा स्वतःकडे वळवतात. मागे अँब्युलन्स आली तर ऐकू येईलच की! भांग विस्कटलेला ऐकू येतो का?

देवळातही तेच. गाभाऱ्यासमोर गृहस्थ डोळे मिटून उभे. मागे रांग पार रस्त्यापर्यंत. मुलाची नोकरी, मुलीचं स्थळ, जमिनीची केस, सगळं क्रमवार चाललेलं. देव अंतर्यामी आहे ना? मग एवढं तपशीलवार कशाला? शेवटी सेवेकरी दंड धरून पुढे सरकवतो.

तेव्हा भावना दुखावतात.

आता एक गंमत बघा. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात तुम्ही बसलाय. तुमच्या खुर्चीमागे एक अख्खं कुटुंब उभं आहे. बापाची नजर तुमच्या शेवटच्या पावावर. कुणीतरी विचारतं, "चहा घेणार का हो तुम्ही?" तुम्हाला वाटतं वेटर. वेटर नसतो, बाप असतो. तुम्ही तर्री टाकून उठता. कुटुंब बसतं. आता मेनूकार्ड निवांत उघडतं. मिसळ, मग ताक, मग पोरांना आइस्क्रीम, मग बिल कुणी द्यायचं यावर मेव्हण्याशी प्रेमळ झटापट. त्यांच्या खुर्चीमागे दुसरं कुटुंब येऊन उभं असतं.

यांना ते दिसतं का? पाच मिनिटांपूर्वी हेच तिथे उभे होते!

खरी मेख इथे आहे. मागे असताना आपल्याला सगळं कळतं. हक्क, न्याय, घड्याळ, माणुसकी, सगळं. पुढे आलो की मान आखडते. मागचा आणि पुढचा या दोन जाती नाहीत. एकच माणूस, सकाळी मागचा आणि दुपारी पुढचा. पण स्मरणशक्ती बघा, बढती मिळाल्यासारखी.

"अहो, गर्दीच एवढी आहे, माणूस काय करणार?" हा शेवटचा बचाव. आणि त्याच्या खिशातला दुसरा, "सरकारने सोयी नकोत का करायला?"

हव्यात. त्यात वाद नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर माणसं अडकली आणि मागून गाड्या माणसं आणून ओततच राहिल्या. २३ जण गेले. मेलेल्यांचा दोष शून्य. पूल अरुंद होता आणि तो अरुंद आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग लष्कर आलं, नवा पूल उभा राहिला, फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. रुंद पूल हवेतच, आणि हळूहळू होतही आहेत.

त्यांवर मधोमध उभं राहून फोनवर बोलायला आता ऐसपैस जागा आहे.

राहिली गर्दी. गर्दीने माणूस बिघडतो म्हणता? मग आषाढीला आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीचं काय करायचं? लाखो माणसं, ऊन, पाऊस, चिखल, आणि तरी दिंड्यांना क्रमांक. २७ दिंड्या रथापुढे, बाकीच्या मागे. आपला क्रमांक सोडून कुणी पुढे घुसत नाही. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो. सगळं चिडीचूप. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. मग त्यांचं ऐकून घेतलं जातं.

लाऊडस्पीकर नाही, लाठी नाही, 'टॅक्सीने जा' नाही. आणि माणूस कुठला? आपलाच. आयात केलेला नव्हे.

वारी संपते. पंढरपूरच्या स्टँडवर परतीची गाडी लागते. वीस दिवस दिसेल त्याला 'माउली' म्हणणारा हात वर जातो.

खिडकीतून रुमाल आत पडतो.

गर्दी वारीत होती, गर्दी स्टँडवरही आहे. मग बदललं काय? वारीत शेजारचा आपला होता. स्टँडवर तो परका झाला. लोकलच्या ग्रुपचंही तसंच. एकमेकांचे वाढदिवस, दसऱ्याला डब्याची पूजा, एकाची तब्येत बिघडली तर चौघं घरी सोडायला. आणि ग्रुपबाहेरचा कुणी त्यांच्या बाकावर टेकला तर सहाजण मिळून त्याला उठवणार. घरी आलेल्याला चहा घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू न देणारी माणसं आपण. उंबऱ्याबाहेर भेटलेल्याला दारातून आत येऊ देत नाही.

आपल्या मागच्या माणसाचा गुन्हा एवढाच, की त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

यावर उपाय? जनजागृती सप्ताह अजिबात नको. उद्घाटनाला पाहुणे येतील, पाहुण्यांच्या गाड्या फुटपाथवर लागतील, फुटपाथवरचे रस्त्यावर येतील आणि सौजन्याचा बॅनर झेब्रा क्रॉसिंगच्या तोंडावर उभा राहील. शपथही नको. शपथा आपण शाळेतच घेऊन ठेवल्यात, हात पुढे करून. पुढे.

उपाय फुकट आहे. थांबायच्या आधी एकदा मागे बघणे. मान दिवसभर मोबाइलसाठी खाली वळते, ती क्षणभर मागेही वळेल. मोडणार नाही.

आणि हो, हा मजकूर गाडीत वाचत असाल तर तुमच्या खांद्यावरून आणखी एकजण वाचतोय. फुकट्या म्हणून कागद आखडून घेऊ नका.

पान उलटण्याआधी विचारा, "झालं का हो?"